चर्चामंडळाची पायाभरणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांचा तास प्रश्नाने सुरू होई. फळ्यावर एक प्रश्न लिहून ते खिडकीपाशी उभे राहत आणि वर्गात कुणीतरी तोंड उघडेपर्यंत वाट पाहत. त्यामुळे, ‘शाळेत चर्चामंडळ सुरू करावयाचे आहे, त्याची उभारणी कशी करावी ते सांगा,’ असे माजी विद्यार्थ्यांनी सुचविले तेव्हा मी हा विषय आनंदाने स्वीकारला. मनात थोडा संकोचही होता. असे एक मंडळ मी १९८३ साली याच वडोदऱ्यात सुरू केले होते आणि दोन वर्षांत ते बंद पडले. का, ते शेवटी सांगेन.

व्याख्यानाला एक वक्ता आणि चार सतरंज्या पुरतात. चर्चेला नियम लागतात. कारण व्याख्यानात एकच जण बोलतो, चर्चेत प्रत्येकाला बोलण्याचा हक्क असतो आणि ऐकण्याचे बंधनही असते.

याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सापडते. १७२७ साली बेंजामिन फ्रँकलिन या २१ वर्षांच्या मुद्रकाने ‘जुंटो’ नावाचे मंडळ स्थापन केले. सभासद कोण होते? दस्तऐवजांच्या नकला करणारा, मोजणीदार, जोडे शिवणारा, सुतार, आणि काचा बसविता बसविता स्वतःच गणित शिकलेला एक गृहस्थ. दर शुक्रवारी संध्याकाळी ते जमत. प्रत्येकाने आळीपाळीने चर्चेसाठी प्रश्न आणावयाचा आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचावयाचा, असा नियम होता. वादासाठी वाद किंवा जिंकण्याची हौस त्यांना नको होती. काही काळाने त्यांनी ठरविले, की आपले मत ठामपणे ठोकून देणे अथवा दुसऱ्याला थेट खोडून काढणे यासाठी किरकोळ दंड भरावा. ‘निःसंशय’, ‘खात्रीने’ असे शब्द वापरणे फ्रँकलिनने स्वतःही सोडून दिले. दंडाची रक्कम अल्प असली तरी तिचा उपयोग मोठा होता. तोंडातून निघणाऱ्या वाक्याकडे माणसाचे लक्ष जाऊ लागले. याच मंडळींच्या पुस्तकांच्या गरजेतून पुढे १७३१ साली वर्गणीचे ग्रंथालय उभे राहिले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना आणून ज्या शहरात ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले, त्या शहराला चर्चा आणि वाचन यांचे नाते वेगळे सांगावयास नको.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेतील आहे. भाऊ महाजनांनी १८४१ साली मुंबईत ‘प्रभाकर’ साप्ताहिक काढले. १८४८ पासून त्यात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरि देशमुख तेव्हा पंचविशीतले होते आणि सरकारी नोकरीत होते. स्वजनांच्या आळसावर, रूढींवर त्यांनी कठोर प्रहार केले. ती पत्रे आज आपण ‘शतपत्रे’ म्हणून ओळखतो; प्रत्यक्षात ती १०८ आहेत. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लेखकाने टोपणनाव घेतले होते, परंतु पत्रे छापण्याची जबाबदारी घेणारा संपादक उघड होता. ज्याला उघडपणे बोलणे अडचणीचे आहे त्याला आडोसा द्यावा. पण मंडळ चालविणाऱ्याने आडोशाला जाऊ नये.

तिसरे उदाहरण बोचरे आहे. न्यायमूर्ती रानडे आणि हेच लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. १८८५ साली पुन्हा सभा भरावयाची ठरली तेव्हा रानड्यांनी महात्मा फुले यांना बोलावले. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळविला. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला ज्या सभांत आणि पुस्तकांत स्थान नाही, त्यांत आम्ही का मिसळावे, असा त्या पत्राचा आशय होता. निमंत्रण वेळेवर गेले होते, पत्ताही बरोबर होता. बैठकीची मांडणी मात्र ज्याला बोलावले त्याला न विचारताच झाली होती. एका आयुष्यात लोकहितवादी स्पष्ट बोलणारेही ठरले आणि ज्यांना स्पष्ट ऐकावे लागले त्यांपैकीही ठरले.

आता माझ्या मंडळाविषयी. अध्यक्ष मी, विषय ठरविणारा मी, समारोप करणाराही मीच. एका संध्याकाळी कारखान्यात काम करणारा एक तरुण उठला आणि म्हणाला, “सर, ही चोपडी आमच्यासारख्यांनी का वाचायची?” प्रश्न मोलाचा होता. मी म्हणालो, “चोपडी नव्हे, पुस्तक म्हणा.” लोक हसले. मीही हसलो. तो तरुण खाली बसला आणि पुन्हा कधी आला नाही. त्याच्या मागोमाग आणखी काहीजण येईनासे झाले. तीन पिढ्या गुजरातेत राहिलेल्या माणसाची ती मराठी होती, त्याच्या घरची होती. फुल्यांचे ते पत्र मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत होतो. त्या सायंकाळी मात्र ते मला आठवले नाही.

म्हणून नव्या मंडळाला माझ्या सूचना अशा आहेत. प्रथम प्रश्न ठरवा, वक्ता नंतर शोधा. पहिल्या बैठकीपूर्वीच पाच-सहा नियम लिहून काढा आणि ते सर्वांकडून संमत करून घ्या. भांडण झाल्यावर केलेला नियम एका पक्षाचा वाटतो. अध्यक्षपद दर बैठकीस बदला. अध्यक्षाचा निर्णय कुणाला अमान्य असेल तर दाद कोठे मागावयाची, तेही आधीच ठरवा. इतिवृत्त लिहा आणि त्यात न पटलेली मतेही नोंदवा. आणि बोलणाऱ्याची भाषा सुधारण्यापूर्वी त्याच्या प्रश्नाचे उत्तर द्या.

आपल्या मराठी शाळांच्या पटावरील संख्येची चिंता आपण सारेच करतो, आणि ती रास्त आहे. परंतु भाषेला शिकणाऱ्यांइतकीच तिच्यातून मनातले विचारणाऱ्यांची गरज असते. गुरुजी खिडकीपाशी वाट पाहत उभे राहत, ते यासाठीच. आपल्या मंडळात तो तरुण, आज तोही वृद्ध झाला असेल, कधी आला, तर त्याला पुढच्या रांगेत बसवा. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून राहिले आहे.