पेटीचा शिक्षक कसा निवडावा?



गेल्या महिन्यात माझे एक स्नेही आपल्या आठ वर्षांच्या कन्येस घेऊन मजकडे आले. मुलीस पेटी शिकावयाची होती. घरात नवी पेटीही आली होती. अडले होते ते शिक्षकापाशी. "मास्तर, आपला सारा जन्म शिकविण्यात गेला. पेटीचा चांगला शिक्षक कसा ओळखावा, एवढे सांगा," असे ते म्हणाले. मी संगीताचा पंडित नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. परंतु याच प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकलो होतो, आणि त्याचे फळ माझ्या मुलास भोगावे लागले. म्हणून आज त्याविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना फारसा पडत नसे. त्या काळी शिष्याने गुरूची निवड करावयाची नसून गुरूने शिष्याची करावयाची असे. विष्णु दिगंबर पलुस्कर हे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी राहून शिकले ते याच रीतीने. पुढे पलुस्करांनीच १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून ठराविक वेळ, ठराविक अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची वाट घालून दिली. इकडे पंडित भातखंडे यांनी चिजा स्वरलिपीत लिहून, क्रमवार पुस्तके काढून त्या सर्वांस उपलब्ध केल्या. या दोघा विष्णूंच्या परिश्रमांमुळे गाणे सामान्य गृहस्थाच्या घरात आले. त्याबरोबरच निवडीची जबाबदारीही त्याच्या शिरावर येऊन पडली.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना मी ही जबाबदारी कशी पार पाडली, ते ऐका. आमच्या गावात एक नामांकित वादक होते. बैठकीस आले त्या दिवशी त्यांनी एक नाट्यपद असे काही वाजविले की घरची मंडळी थक्क झाली. मी लागलीच शिकवणी ठरविली. सहा महिन्यांत मुलाने तेच पद शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजविले, टाळ्या पडल्या, आणि मी कृतार्थ झालो. पुढे गणेशोत्सवात माझ्या आईने त्यास आरतीबरोबर सूर धरावयास सांगितले. आईची पट्टी निराळी. मुलाची बोटे पट्ट्यांवर नुसती चाचपडत राहिली. जे पद तो वाजवीत असे, ते त्याच्या बोटांस पाठ होते. कानास ओळखीचे नव्हते. त्या दिवसानंतर पेटीवर जे वस्त्र पडले, ते पुष्कळ वर्षे निघाले नाही. दोष त्या वादकांचा नव्हता. मी त्यांची वादनाची परीक्षा घेतली होती, शिकविण्याची घेतलीच नव्हती. आणि मी तर स्वतः मास्तर!

पेटीच्या बाबतीत कानाचे महत्त्व इतके का, हे समजण्यासाठी त्या वाद्याचा स्वभाव ध्यानी घ्यावयास हवा. फ्रान्समध्ये जन्मलेले हे वाद्य एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आले आणि येथलेच होऊन गेले. सतार किंवा सारंगी वाजविणाऱ्यास स्वर शोधावा लागतो. पेटीत तो तयार असतो. पट्टी दाबावी, भात्याने वारा द्यावा, की सूर बोलतो. हाच तिचा गुण आणि हाच तिचा धोका. कान न वापरताही मूल पेटी वाजवू शकते. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तीत निघत नाही. तिचे बारा स्वर समान अंतरांवर बसविलेले असल्यामुळे तीतील गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराहून किंचित चढा लागतो. हा फरक साधारणतः अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा असतो. अशा आक्षेपांमुळेच १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपले दार बंद केले होते. ते १९७१ साली किलकिले झाले. तथापि गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनी याच वाद्यातून गायकी बोलती केली. टेंबे यांनी पेटीचा हात बव्हंशी स्वतःच्या मेहनतीने कमाविला, परंतु गायकीची दृष्टी भास्करबुवा बखले यांच्यासारख्या गवयाच्या सहवासात मिळविली. आधी कान, मग बोटे, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो.

यास्तव शिक्षक पाहावयास जाल तेव्हा त्यांचे वादन ऐकण्याचा आग्रह धरू नका. त्यांचा सर्वांत हुशार शिष्यही पाहू नका; तो कोठेही शिकला असता. त्यांच्या अनुज्ञेने एखाद्या नवशिक्या मुलाची शिकवणी कोपऱ्यात बसून पाहा. तेथे तीन गोष्टींकडे लक्ष असू द्यावे.

पहिली गोष्ट, मूल पट्टी दाबण्यापूर्वी स्वर गळ्यातून म्हणते काय? जो शिक्षक "आधी म्हण, मग वाजव" असे सांगतो, तो कान घडवितो. एकच अलंकार तो आज एका पट्टीत आणि उद्या दुसऱ्या पट्टीत म्हणवून घेत असेल, तर अधिकच उत्तम.

दुसरी गोष्ट हाताची. मूल जमिनीवर बसते, पेटी त्यास उंच पडते, आणि ते खांदा वर ओढून वाजवू लागते. चांगला शिक्षक पाट मागून घेतो. भाता हिसक्याने न ओढता संथ कसा चालवावा, अंगठा बोटांखालून केव्हा न्यावा, हे तो पहिल्या महिन्यातच सांगतो; कारण बोटांस एकदा लागलेले वाईट वळण पुढे मोडता मोडत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल चुकले म्हणजे शिक्षक काय करतो? रागावणे वाईट, हे आपण सारे जाणतो. परंतु लागलीच स्वतः वाजवून दाखविणे हेही तितकेसे हितावह नाही. मग मूल नक्कल करते, आणि चूक कोठे होती ते त्यास कधीच उमगत नाही.

आता परीक्षांविषयी. १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेत. त्यांनी अभ्यासास शिस्त येते, यात संशय नाही. मात्र जेथे वर्षभर परीक्षेपुरतेच राग घोटले जातात, तेथे पायऱ्या चढूनही माणूस देवळाबाहेरच राहतो. शिक्षकास खुशाल विचारावे, "परीक्षेखेरीज आपण मुलांस काय ऐकविता?"

शिक्षक ठरल्यावर पालकांचेही कर्तव्य संपत नाही. रविवारी दोन तास बसविण्यापेक्षा रोज पाव तास बसवावे. पाहुण्यांपुढे वाजविण्याची सक्ती करू नये. दोन महिन्यांत प्रगती दिसली नाही म्हणून शिक्षक बदलू नये; निदान सहा महिने धीर धरावा. आणि बदलावयाचाच झाला, तर समक्ष भेटून, आदराने कारण सांगून बदलावा. मूल हे सारे पाहत असते.

माझ्या नातीची वेळ आली तेव्हा मी शहाणा झालो होतो. जवळच्याच गल्लीतील एका बाईंकडे जाऊन बसलो. त्या दिवशी एका लहानग्याचा मध्यम चुकत होता. बाईंनी हात पेटीकडे नेलाही नाही. "कुठे चुकलं, ते तूच सांग," एवढेच म्हणाल्या आणि थांबल्या. मुलाने ओळ गुणगुणली, मान हलविली, पुन्हा गुणगुणली, आणि आपला मध्यम आपणच शोधून काढला. मी तेथल्या तेथे नातीचे नाव घातले.

पहिल्या दिवशी तिला सोडावयास माझा मुलगा आला होता. दाराशी उभा राहून त्याने अर्धा तास ऐकले. परतताना मला म्हणाला, "बाबा, मला हे कोणी कधी विचारलंच नाही." मजपाशी उत्तर नव्हते. त्या रविवारी त्याने जुन्या पेटीवरील वस्त्र काढले. भात्याला कसर लागून भोके पडली होती. तो ती दुरुस्तीस घेऊन गेला. आता रात्री नात गुणगुणते आणि तो तिच्याशेजारी बसून चाचपडत तो सूर शोधतो. पुष्कळदा चुकतो, मग नात त्यास विचारते, "कुठे चुकलं?"

स्नेह्यांना मी हेच सांगितले: उद्याच कन्येस घेऊन एखाद्या शिकवणीत जाऊन बसा, आणि वाजविणाऱ्याकडे न पाहता चुकणाऱ्या मुलाकडे पाहा.