ट्रॅक्टर व मोटारसायकलीची तेल-गाळणी : निवड आणि बदल

दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी आदी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांच्यापैकी अनेक टोळ्यांची मिळकत ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरवर अवलंबून असते. मजुरी टनावर मिळते आणि तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वाळून वजनात घटतो. अशा वेळी इंजिन बसले तर मालकास दुरुस्तीचा खर्च सोसावा लागतो. शिवाय टोळीचे काम थांबते आणि घेतलेली उचल फिटणे लांबते. या हानीचे एक टाळता येण्याजोगे कारण म्हणजे वेळेवर न बदललेली तेल-गाळणी, म्हणजेच ऑईल फिल्टर.

गाळणीचे कार्य

इंजिनातील तेलात काजळी, धातूचा कीस व हवेतून शिरलेली धूळ मिसळत असते. माणसाच्या केसाहूनही बारीक असे हे कण बेअरिंग व पिस्टन यांची झीज करतात. गाळणीतील घडीदार कागद ते अडवून धरतो. कागद तुंबला तरी इंजिनास तेल मिळावे म्हणून गाळणीत किंवा इंजिनात एक सुरक्षा-झडप ठेवलेली असते. ती उघडली की तेल न गाळताच पुढे जाते. इंजिन चालूच राहत असल्यामुळे चालकास काही कळत नाही, आणि झीज मात्र सुरू झालेली असते. यास्तव बिघाडाची वाट न पाहता ठरल्या तासांवर गाळणी बदलणे हाच खरा उपाय होय.

महिने नव्हे, तास मोजावेत

पुष्कळ ट्रॅक्टरांसाठी 250 तासांनी तेल व गाळणी बदलावी असे सांगितलेले असते. तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. शेतावर रोज सरासरी दोन तास चालणाऱ्या ट्रॅक्टरचे 250 तास भरण्यास चार महिने लागतात. ऊस वाहतुकीत तोच ट्रॅक्टर रोज बारा तास चालला तर ते तीन आठवड्यांत भरतात. म्हणजे पाच महिन्यांच्या हंगामात सुमारे 1800 तास होतात व सात वेळा बदल करावा लागतो. ‘हंगामाला एकदा’ ही सवय येथे घातक ठरते. कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहिल्यास तेही तास जमेस धरावेत. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल बराच लवकर करावयाचा असतो.

निवड कशी करावी

केवळ आटे जुळतात म्हणून गाळणी घेऊ नये. पाऊण इंची व 20 मिलिमीटरचे आटे दिसण्यात सारखे भासतात. परंतु चुकीचा जोड ढिला बसून ऐन कामात निसटू शकतो. रबरी कड्याचा व्यास आणि झडपेचा दाबही इंजिनाप्रमाणे निरनिराळा असतो. म्हणून पुस्तिकेतील अथवा जुन्या गाळणीवरील क्रमांक टिपून दुकानी जावे व पावती घ्यावी. कागदी गाळणी डिझेलने धुऊन पुन्हा बसवू नये.

मोटारसायकलीच्या बाबतीत प्रकार ओळखणे अगत्याचे आहे. 100 सी.सी. वर्गातील अनेक गाड्यांना कागदी गाळणी नसतेच. तेथे जाळी व गाळ बाहेर फेकणारी फिरती वाटी असते. ती फक्त साफ करावी. कागदी गाळणी असल्यास तिची बाहेरची बाजू व स्प्रिंगची जागा नीट पाहावी. उलटी बसल्यास तेलाचा मार्ग अडू शकतो.

बदलण्याची रीत

1. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिन थोडे गरम करावे व बंद करावे. चटका बसणार नाही याची काळजी घेऊन चेंबरचा नट काढून तेल पूर्ण निथळू द्यावे.

2. जुनी गाळणी काढल्यावर तिचे रबरी कडे इंजिनास चिकटून राहिले नाही ना, हे पाहावे. कड्यावर कडे बसल्यास तेल जोराने बाहेर पडते.

3. बसण्याची जागा पुसून नव्या कड्यास स्वच्छ तेलाचे बोट लावावे.

4. गाळणी हाताने फिरवावी. कडे टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा आवळावा. पान्याने आवळू नये.

5. नट बसवून योग्य प्रतीचे तेल भरावे. इंजिन सुरू करताच वेग वाढवू नये. तेलाच्या दाबाचा काटा वर आला, गळती नाही, हे पाहून इंजिन बंद करावे व काही मिनिटांनी पट्टीने तेलाची पातळी तपासावी.

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ वा बांधावर ओतू नये. 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी टोळ्या निघण्यापूर्वी गावातील मिस्त्रीच्या साह्याने हे प्रात्यक्षिक घडवून आणावे. प्रत्येक चालकाने एक वही ठेवून बदलाची तारीख, मीटरवरील तास व गाळणीचा क्रमांक लिहावा आणि पुढील बदलाचा आकडा त्याच ओळीत मांडून ठेवावा. काही शे रुपयांच्या गाळणीसाठी अख्ख्या हंगामाची कमाई पणास लावणे शहाणपणाचे नव्हे.