बोलके बुडबुडे, अबोल फेस

क्षणभंगुर गोष्टीला पाण्यावरच्या बुडबुड्याची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ‘बुडबुडा’ हा शब्दच मुळी त्याच्या आवाजाचे अनुकरण करतो. परंतु एवढ्याशा बुडबुड्याला कंठ फुटतो तरी कसा?

बेल्जियममध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली याचे गणित मांडले. घागर भरताना पाण्यात अडकलेली हवा स्प्रिंगप्रमाणे दबते, पुन्हा फुलते आणि भोवतालचे पाणी तिच्यासह कंप पावते. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,२६० कंपने करतो. एक सेंटिमीटर त्रिज्येचा त्याच्या एक दशांश. म्हणूनच लहान बुडबुड्याचा स्वर उंच, तर मोठ्याचा खर्जातला.

साबणाच्या फुग्याची कथा निराळी. पडद्याच्या ताणामुळे त्यातील हवेवर किंचित अधिक दाब असतो. पडद्याला छिद्र पडताच त्याची कड वेगाने मागे सरते. जाडी एक सहस्रांश मिलिमीटर असेल, तर हा वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर भरतो. कोंडलेली हवा मोकळी होते आणि हलकासा आवाज उमटतो. या आवाजावरून पडद्यातील बले ओळखता येतात, हे पॅरिसच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले.

शुद्ध पाण्यावरील बुडबुडा सहसा क्षणात फुटतो. डिटर्जंटचे रेणू मात्र पडद्याच्या दोन्ही पृष्ठांवर पसरून त्याला सावरून धरतात. मग बुडबुडे फुटत नाहीत, फेस साचत जातो. बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावाने याचे विदारक रूप दाखविले. सांडपाण्यातून आलेल्या डिटर्जंटमुळे, पाणी घुसळले जाताच शुभ्र फेसाचे ढीग उसळत आणि वाऱ्यासरशी रस्त्यावर येत. मे २०१५ मध्ये तर या फेसानेच पेट घेतला. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने तलावाच्या दुर्दशेची स्वतःहून दखल घेतली.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बचतीचे महत्त्व सांगताना आपण नेहमी वापरतो. तळ्याला मात्र ठेव आणि घाण यांतला फरक कळत नाही. घरोघरच्या बादलीतून जे वाहून जाते, तेच त्याच्या खाती जमा होते. सांडपाणी शुद्ध करण्याची जबाबदारी यंत्रणांची खरी. परंतु धुण्याची पावडर चमचाभर कमी वापरणे आपल्याच हाती आहे. तीही एक बचतच होय.