मोहोर बघून कंपनी घेताना

रत्नागिरीत हापूसची बाग कराराने घेणारा माणूस आधी कागद मागत नाही. तो बागेत शिरतो आणि वर बघतो. मोहोर किती, तुडतुडा आहे का, गेल्या साली कलमं धरली होती की रिकामी गेली? आणि मुख्य म्हणजे, हा मोहोर झाडाचा आपला की 'कल्टार' घालून ओढून आणलेला? मालक काहीही सांगो, पैसे मोजायचे ते हे बघून. आपल्याकडच्या बायकांना हा व्यवहार नवा नाही. पण मुलाचा पुण्याहून फोन येतो, "आई, आमची कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली," तेव्हा आपण घाबरून देवापुढे दिवा लावतो. घेणाऱ्याने काय बघून घेतली, हे काही विचारत नाही!

आयटी कंपनीत बघायला असतं तरी काय? इमारत बहुधा भाड्याची, संगणक चार वर्षांत जुने. कमाई सगळी माणसांच्या डोक्यातून. म्हणजे आपल्याच मुली, मुलगे नि सुना! म्हणून घेणारा विचारतो: ग्राहक किती? त्यातला एकटाच निम्मं काम देतो का? मुलं कामावर किती, 'बेंच'वर किती? वर्षाला किती सोडून जातात?

यातली सगळ्यात अवघड परीक्षा 'सत्यम'ची. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. ताळेबंदात दाखवलेले ५,०४० कोटी रुपये बँकेत नव्हतेच! सरकारने जुनं संचालक मंडळ बाजूला केलं. दीपक पारेख, किरण कर्णिक अशी माणसं बसवली आणि एप्रिलमध्ये बोली लावली. दुरुस्त हिशेब बाहेर आले ते थेट सप्टेंबर २०१० मध्ये. म्हणजे बोली लावणाऱ्यांच्या हातात विश्वास ठेवावा असा ताळेबंदच नव्हता. तरी पुण्याच्या 'टेक महिंद्रा'ने एका शेअरमागे ५८ रुपये देऊ केले. 'लार्सन अँड टुब्रो'ची बोली होती ४५ रुपये ९० पैसे. ३१ टक्के हिस्सा १,७५७ कोटींना गेला.

एवढं धाडस कशासाठी? टेक महिंद्राचं काम मुख्यतः टेलिफोन कंपन्यांचं, आणि त्यातही निम्म्याहून जास्त उत्पन्न एकट्या ब्रिटिश टेलिकॉमकडून. सगळी बाग एकाच व्यापाऱ्याला बांधलेली म्हणा ना! सत्यमकडे निरनिराळ्या धंद्यांतले शेकडो ग्राहक होते आणि चाळीस हजारांवर शिकलेली माणसं. पेट्या कागदावरच्या होत्या, पण कलमं खरी होती.

पण या सौद्याचं कौतुक करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. २००९ मध्येच हजारो जणांना 'जादा' ठरवून काही महिने मूळ पगारावर घरी बसवलं गेलं. नुकतं गृहकर्ज काढलेल्या घरात ते महिने कसे गेले असतील, ते कुठल्या ताळेबंदात येत नाही. आधीच्यांनी करून ठेवलेलं ओझंही नव्या मालकावर आलंच. अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांच्या दाव्यात २०११ साली साडेबारा कोटी डॉलरवर तडजोड करावी लागली. जून २०१३ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या.

विकणं म्हणजे बुडणं असंही नाही हं! मुंबईची 'पटणी' चांगली चालती होती. २०११ मध्ये तिला 'आयगेट'ने घेतलं, ती तर पटणीहून लहान. कर्ज नि भांडवल उभं करून घेतलं. पुढे २०१५ मध्ये फ्रान्सच्या 'कॅपजेमिनी'ने आयगेटच विकत घेतली, चार अब्ज डॉलरला. तोच मुलगा, पाच वर्षांत तीन ओळखपत्रं!

तर पुढच्या वेळी फोन आला की आधी विचारा, "तू ज्या ग्राहकाचं काम करतोस, तो राहणार का?" मग विचारा, घेणाऱ्याकडे हेच काम करणारी माणसं आधीपासून आहेत का. असतील, तर जपून. नुसते शेअर विकले गेले असतील, तर कंपनी तीच राहते आणि नोकरीची वर्षंही तुटत नाहीत. पण एखादा विभागच दुसऱ्याला दिला आणि नवं नेमणूकपत्र हातात ठेवलं, तर मागची वर्षं ग्रॅच्युइटीसाठी धरली आहेत की नाही, ते सही करण्याआधी त्याला नीट वाचायला सांगा. फोनवर मोठ्याने वाचून दाखव म्हणा, हवं तर.