इंग्रजीतील अनिश्चित उपपदांची निवड : 'अ' आणि 'ॲन'

प्रास्ताविक

मराठीत उपपदे नाहीत. त्यामुळे मराठी माध्यमातील विद्यार्थी 'ए, ई, आय, ओ, यू या अक्षरांपूर्वी ॲन' एवढाच नियम पाठ करून महाविद्यालयात येतो. हा नियम 'युनिव्हर्सिटी' या शब्दापाशीच कोसळतो आणि इंग्रजी ही लहरी भाषा आहे, असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः नियम निरपवाद आहे. त्याची मांडणी सदोष आहे.

नियमाचे स्वरूप

उपपदाची निवड लेखनावर नव्हे, तर लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या आद्य उच्चारावर अवलंबून असते. 'युनिव्हर्सिटी', 'युरोपियन' व 'वन' यांचे आद्य अक्षर स्वर असले तरी उच्चार अनुक्रमे य, य, व असा होतो, म्हणून 'अ'. 'अवर', 'ऑनेस्ट' यांतील 'एच' अनुच्चारित असल्याने 'ॲन'. याच न्यायाने 'अ बी.ए.' परंतु 'ॲन एम.ए.', 'ॲन अंब्रेला' परंतु 'अ ब्लॅक अंब्रेला'.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

'ॲन' हेच मूळ रूप होय. प्राचीन इंग्रजीतील 'एक' या अर्थाच्या 'आन' शब्दापासून ते आले आणि पुढे व्यंजनापूर्वी त्यातील 'न' लोपला. बोलताना हा 'न' कोणत्या शब्दाचा, याविषयी संभ्रमही झाला. क्रिकेटमुळे परिचित असलेला 'अंपायर' हा शब्द मूळचा नकारादी. त्याचा 'न' उपपदाला जोडला गेला.

संस्कृतातील नञ् समासातही असाच विकल्प आढळतो : व्यंजनापूर्वी 'अ' (अज्ञान, अशक्य), स्वरापूर्वी 'अन्' (अनादर, अनुचित). दोहोंचे मूळ व अर्थ भिन्न आहेत. परंतु दोन स्वर लागोपाठ येऊ न देण्याची उच्चारसोय समान आहे. मराठीच्या तासाला शिकलेले हे उदाहरण इंग्रजीच्या तासाला उपयोगी पडावे.

अध्यापनातील उपयोजन

देवनागरी उच्चारानुसारी असल्याने शब्द देवनागरीत लिहावा. आद्याक्षर स्वर असल्यास 'ॲन', व्यंजन असल्यास 'अ'. मात्र लेखन इंग्रजी उच्चाराला धरून हवे. 'न्यू इयर' असे आपण लिहितो, परंतु वर्षवाचक शब्दाचा इंग्रजी उच्चार 'यिअर' असल्याने तेथे 'अ'. कानाला मात्र 'ॲन इअर'. 'एम.ए.'चा 'यम.ए.' असा उच्चार करणाराही येथे चुकतो.

निष्कर्ष

विद्यार्थ्यांना अपवादांची यादी देण्याऐवजी शब्द ऐकावयास शिकविल्यास एकच नियम पुरेसा ठरतो. त्याची सामग्री त्यांच्या मातृभाषेच्या लिपीत आधीपासूनच आहे.