पंख न हलवता वर जाताना

आष्टीत उन्हाळ्याच्या दुपारी वर पाहा. घार पंख न हलवता गिरक्या घेत चढते. तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा तिला उचलते.

डोंगरमाथ्यावरून उडणाऱ्या हँग ग्लायडरला आणखी एक आधार असतो. वारा उताराला धडकला की वर वळतो. ग्लायडर स्वतः सेकंदाला साधारण एक मीटर खाली येत असतो. हवा त्याहून वेगाने वर जात असेल, तर इंजिनाशिवाय माणूस तरंगतो. पुण्याजवळ कामशेतला पॅराग्लायडरही अशाच वाऱ्यावर उडतात.

पण माथा ओलांडला की हाच वारा खाली कोसळतो, भोवरे करतो. त्यात सापडलेला ग्लायडर जमिनीवर आदळू शकतो. म्हणून वारा समोरून आणि एकसारखा असेल तरच धावायचे. सुमारे दोन हजार उड्डाणे केलेला जर्मनीचा ओटो लिलिएन्थालही १८९६ मध्ये ग्लायडर कोसळूनच गेला.

दुसरी चूक साधी, पण जीवघेणी : अंगावरचा पट्टा ग्लायडरला अडकवायला विसरणे. उडण्याआधी सोबत्याला ग्लायडर धरायला सांगा आणि स्वतः लोंबकळून पाहा. या तपासणीला मिनिटभरही लागत नाही.