यंत्राच्या पोटात : भाग ७
चार बाइटांची दुरुस्ती

गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं : लिंकर फंक्शनच्या पत्त्यातून कोऱ्या जागेचा पत्ता वजा करतो आणि येईल तो आकडा त्या जागेत भरतो. वाक्य सुटसुटीत होतं, पण चूक होतं. बोईसरच्या एका विद्यार्थिनीनं तेच उदाहरण कंप्युटरवर करून पाहिलं. तिचं उत्तर माझ्यापेक्षा चारानं कमी आलं आणि तिचंच बरोबर होतं. म्हणून आजचा भाग दुरुस्तीचा.

थोडी उजळणी. कंपायलर एकेक फाइल सुटी हाताळतो. दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन मेमरीत कुठं बसणार, हे त्याला ठाऊक नसतं. मग तो जागा कोरी ठेवतो आणि फाइली एकत्र सांधणाऱ्या लिंकरसाठी सोबत चिठ्ठी जोडतो : या ठिकाणी, या नावाचा पत्ता, या रीतीनं भरा. ही चिठ्ठी म्हणजे रिलोकेशन.

पत्ता दोन रीतींनी सांगता येतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि आम्हां केळवेकरांना पत्त्यातलं ‘जि. ठाणे’ खोडून ‘जि. पालघर’ लिहावं लागलं. ‘शीतलादेवीच्या देवळापासून चौथं घर’ ही खूण मात्र होती तशीच राहिली. पहिली रीत निरपेक्ष, दुसरी सापेक्ष.

निरपेक्ष पत्त्यांचा हिशेब सोपा. आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले धनंजय ढमढेरे यांचं सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगचं पाठ्यपुस्तक इंजिनीअरिंगच्या अनेक मुलांच्या ओळखीचं आहे. त्यात तो ‘रिलोकेशन फॅक्टर’ या नावानं येतो. प्रोग्रॅम १०० पासून सुरू होईल असं धरलं होतं आणि तो ७०० वर बसला, तर त्यातल्या अशा प्रत्येक पत्त्यात ६०० मिळवायचे.

सापेक्ष पत्त्यात मात्र अंतर कुठून मोजायचं, हे आधी ठरावं लागतं. ‘केळवे किती लांब?’ हा प्रश्न केळवे रोडच्या फलाटावर विचारला तर एक उत्तर, पालघरच्या एसटी स्टँडवर विचारला तर दुसरं. मी नेमका इथं घसरलो.

एक्स८६-६४ प्रोसेसरवरचा साधा कॉल ऑब्जेक्ट फाइलमध्ये असा दिसतो :

ई८ ०० ०० ०० ००

ई८ म्हणजे ‘कॉल कर’. पुढचे चार बाइट कोरे. समजा ई८ हा १००० या पत्त्यावर आहे. मग कोरी जागा १००१ पासून सुरू होते आणि पुढचं इन्स्ट्रक्शन १००५ वर येतं. फंक्शन १२०० वर आहे. माझ्या वाक्याप्रमाणे १२०० वजा १००१, म्हणजे १९९. पण प्रोसेसर कोऱ्या जागेपासून मोजतच नाही. चारही बाइट वाचून होतात तेव्हा तो १००५ च्या दारात उभा असतो आणि तिथून पुढं मोजतो. त्यात १९९ मिळवले की तो पोचतो १२०४ वर, म्हणजे फंक्शनचा उंबरठा चुकवून थेट माजघरात. हवे होते १९५.

हा फरक भरून काढायला चिठ्ठीत आणखी एक आकडा असतो, ॲडेंड. इथं तो उणे चार. १२०० उणे ४ उणे १००१, बरोबर १९५.

आता दुरुस्तीतच नवी चूक नको, म्हणून एक सूचना. ‘ॲडेंड नेहमी उणे चार’ असं वहीत लिहून ठेवू नका. काही इन्स्ट्रक्शनांत कोऱ्या जागेनंतर आणखी एखादी संख्या येते. ती एका बाइटाची असेल तर ॲडेंड उणे पाच होतो, चार बाइटांची असेल तर उणे आठ. पाठ करायचं ते आकडा नव्हे, तर त्यामागचं कारण : कोऱ्या जागेच्या सुरुवातीपासून इन्स्ट्रक्शनच्या शेवटापर्यंत जेवढे बाइट, तेवढे वजा.

चिठ्ठीचं नावही जपून लिहावं. अशा साध्या कॉलसाठी ‘पीसी३२’ प्रकार येतो, असं जुन्या टिपणांत सापडेल. २०१८ मध्ये ग्नू असेंबलर तिथं ‘पीएलटी३२’ लिहू लागला आणि लिनक्स कर्नेललाही मॉड्यूल लोड करताना ती चिठ्ठी ओळखायला शिकवावं लागलं. टिपण लिहिलं तेव्हा खरं होतं, पण साधनं बदलली आणि ते शिळं झालं. म्हणून टिपणावर, माझ्यासुद्धा, विसंबू नका. ऑब्जडंप या साधनाला ‘डी’ आणि ‘आर’ हे दोन पर्याय द्या, बाइट आणि चिठ्ठ्या शेजारीशेजारी दिसतील.

तर गेल्या भागातलं वाक्य आता असं वाचावं : लिंकर फंक्शनच्या पत्त्यात ॲडेंड मिळवतो, त्यातून कोऱ्या जागेचा पत्ता वजा करतो आणि येईल तो आकडा त्या जागेत भरतो. वाढले ते तीनच शब्द, पण त्यांच्यावाचून कॉल घरी पोचत नाही.

(पुढील भागात : प्रोग्रॅम सुरू झाल्यावर सुटणाऱ्या चिठ्ठ्या)